जाड मीठ की बारीक? सोलापूरकरांनी कोणत्या कामाला कोणतं घ्यावं

मधला मारुती किंवा मंगळवार पेठेतल्या किराणा दुकानात मीठ मागितलं की समोर तीन-चार पुडे येतात. बारीक आयोडीनयुक्त, जाड खडे मीठ, गुलाबीसर सैंधव आणि हल्ली ‘समुद्री मीठ’ असं ठळक छापलेली महागडी बरणी. घ्यायचं कोणतं, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर ‘नैसर्गिक’ किंवा ‘शुद्ध’ या शब्दांत सापडत नाही. ते दाण्याच्या आकारात, मिठातल्या ओलाव्यात आणि आयोडीनमध्ये आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. बारीक मीठ ‘कारखान्यातलं’ आणि खडे मीठ ‘समुद्रातलं’ अशी विभागणी बरोबर नाही. भारतातलं बहुतेक मीठ गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांतून किंवा कच्छच्या रणाकडच्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून येतं. राजस्थानात सांभर सरोवराचं मीठ निघतं. आपल्या रायगड-पालघर पट्ट्यातही मिठागरं आहेत. उन्हात वाळवून ओढलेलं ते खडे मीठ. तेच धुऊन, दळून किंवा त्याचं पाणी पुन्हा आटवून स्फटिक काढले की बारीक मीठ. सैंधव म्हणजेही कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचंच मीठ. यातला कोणताही पुडा फोडा, त्यात 95 ते 99 टक्के सोडियम क्लोराईडच असतं.

सोलापूरला समुद्र नाही, पण मिठाशी या गावाचं नातं जुनं आणि रक्ताचं आहे. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना मे 1930 मध्ये अटक झाली, तेव्हा सोलापूर पेटून उठलं आणि इथे लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना त्याच प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. मिठाचा पुडा हातात घेताना या शहरात एवढं तरी आठवायला हवं.

आयोडीन: इथे तडजोड नको

रोजच्या जेवणात जाड-बारीक हा फरक चवीपुरता आहे, पण आयोडीनचा फरक तब्येतीचा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि गरोदर बाईला 250. समुद्राच्या मिठात ते आपोआप असतं असं अनेकांना वाटतं, पण नुसत्या खडे मिठात किंवा सैंधवात ते नगण्य असतं. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम असावं लागतं. मे 2006 पासून थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशात बंदी आहे. जाड मीठही आयोडीन लावलेलं मिळतं, फक्त पुड्यावर तसं लिहिलेलं आहे का ते पाहून घ्यायचं. पोत्यातलं सुटं मीठ पाणी मऊ करणाऱ्या यंत्राला, बर्फाला, घासायला चालेल. ते स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नका, कारण एकदा बरणीत गेलं की ओळखू येत नाही.

मीठ कुठलंही असो, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. चौघांच्या घरात ते जास्तीत जास्त 20 ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरला पाहिजे. लोणची-पापड बाजूला ठेवूनही तो महिन्यात संपत असेल, तर मिठाचा प्रकार बदलून काही होणार नाही, हात आवरावा लागेल.

चमचा फसवतो, वजन नाही

बारीक मिठाचा एक सपाट चहाचा चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो. जाड मिठाचा तोच चमचा साडेचार ते पाच ग्रॅम, कारण खड्यांमध्ये हवा राहते. आमटीत हा फरक चव घेऊन सुधारता येतो. लोणच्यात तो महागात पडतो.

कैरीच्या एक किलो फोडींना 180 ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं. 150 मिलिलिटरची वाटी बारीक मिठाने भरली तर तेवढं बसतं. तीच वाटी जाड मिठाने भरली तर 150 ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे आजीच्या वहीतली ‘एक वाटी मीठ’ जाड की बारीक हे न कळता घेतलं, तर पाचवा-सहावा हिस्सा मीठ कमी पडतं आणि श्रावण लागता लागता वर बुरशी दिसते. लोणच्यापुरता तरी वजनकाटा काढाच. वजन सारखं ठेवलं तर लोणचं दोन्ही मिठांनी टिकतं.

जाड मीठ वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, खडे सावकाश विरघळतात आणि तळाशी बसतात. खालच्या फोडी खारट, वरच्या अळणी, आणि बुरशी वरूनच सुरू होते. पहिले चार-पाच दिवस रोज कोरड्या डावाने खालीवर करा. दुसरं, ओलावा. जाड मीठ मंद आचेवर कढईत आठ-दहा मिनिटं भाजून, पूर्ण गार करून, मग कुटून घ्यायचं. भाजताना ते तडतडतं, कारण खड्यांच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खडा फुटतो. तडतड थांबली की मीठ सुकलं असं समजा, आणि तोवर चेहरा लांब ठेवा.

मीठपाण्यातल्या कैऱ्या किंवा आवळ्यांसाठी मात्र जाड मीठच बरं. बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले काही पदार्थ पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत आणि बरणीतलं पाणी गढूळ दिसतं. ते बिघडलेलं नसतं, पण खरंच बिघडलं तर ओळखू येत नाही, ही अडचण. एक लिटर पाण्यात 100 ते 120 ग्रॅम जाड मीठ उकळा, गार करा आणि तलम कापडातून गाळा. तळाशी राहिलेली वाळू पाहिली की गाळण्याचं कारण कळतं. फळं पाण्याखाली बुडालेली राहायला हवीत, वर ताटलीचं वजन ठेवा.

इडलीचं पीठ आयोडीनच्या मिठाने फुगत नाही, असं बरेचदा ऐकू येतं. एवढ्याशा आयोडीनने आंबवणं थांबत नाही. पीठ फुगलं नसेल तर गारठा किंवा जास्त मीठ हे कारण शोधा.

शेंगा चटणीत मीठ कुठे चुकतं

सोलापूरची शेंगा चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटली जाते आणि इथेच मिठाची निवड दिसते. चटणीत पाणी नसतं. मीठ तेलात विरघळत नाही. त्यामुळे जाड मीठ शेवटी टाकलं तर खडे तसेच राहतात. एक घास अळणी, पुढच्या घासाला दाताखाली खडा.

जाड मीठ घालायचं असेल तर ते सगळ्यात आधी. पाव किलो भाजून सोललेल्या शेंगदाण्यांना सहा-सात ग्रॅम मीठ पुरतं. दहा-बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं आणि हे मीठ आधी एकत्र कुटा. खड्यांच्या धारेने लसूण लवकर ठेचला जातो, घसरत नाही, आणि लसणाच्या पाण्यात मीठ विरतं. मग तिखट, मग शेंगदाणे. जाड मीठ बारकापेक्षा उजवं ठरतं ते इथे, खलबत्त्यात. मिक्सरला चटणी करत असाल तर हा फायदा उरत नाही, सरळ बारीक मीठ घ्या आणि लसणाबरोबरच फिरवा.

शेंगदाणे भाजायलाही जाड मीठ उत्तम. लोखंडी कढईत एक किलो जाड मीठ दहा मिनिटं तापवा, पाव किलो दाणे टाका आणि सात-आठ मिनिटं सतत हलवा. उष्णता सगळीकडून सारखी लागते, त्यामुळे एका बाजूला काळे डाग पडत नाहीत. चाळणीने दाणे काढा. तेच मीठ गार करून डब्यात ठेवलं की पुन्हा पुन्हा वापरता येतं. बारीक मीठ दाण्यांच्या सालीला चिकटून येतं. दाणे खारे हवे असतील तर भाजण्याआधी ते एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम मीठ या प्रमाणाच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवा, निथळून सुकवा, मग भाजा. ओले दाणे तापल्या मिठात टाकले तर मिठाचे गोळे होतात.

बोअरचं पाणी आणि न शिजणारे हुलगे

ज्यांच्या घरी बोअरचं जड पाणी येतं त्यांना हरभरे, हुलगे कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही कचकच लागतात. दोष मिठावर जातो, ‘आधी मीठ घातलंस म्हणून शिजलं नाही’. खरं कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे, ते सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला, घट्ट बांधून ठेवतं. उलट मिठाच्या पाण्यात भिजवलं तर सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. एक लिटर पाण्याला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे अडीच चमचे. आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा आणि आमटीला नेहमीपेक्षा कमी मीठ घाला. इथे जाड-बारीक काहीही चालतं.

एक सावधगिरी स्टीलच्या भांड्याची. थंड पाण्यात जाड मीठ टाकून ठेवलं की खडे तळाला बसतात आणि तिथे बारीक खड्डे पडतात, जे घासून जात नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ टाका आणि ढवळा.

स्वयंपाकघराबाहेर

बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत पाणी मऊ करण्याचं यंत्र असतं. त्यातलं रेझिन, म्हणजे बारीक मण्यांसारखे दाणे, पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि भरलं की सुमारे दहा टक्के मिठाच्या पाण्याने ते धुऊन काढावं लागतं. दर लिटर रेझिनला 120 ते 160 ग्रॅम मीठ धरा. 25 लिटर रेझिनला एका वेळी तीन ते चार किलो. हे काम सुट्या जाड मिठाचं. बारीक मीठ टाकीत ढेप धरून बसतं आणि वरून मीठ भरलेलं दिसत असताना खाली पाणी फिकं राहतं. पण जाड मिठातली माती टाकीच्या तळाशी साचते, म्हणून टाकी अधूनमधून रिकामी करून धुवावी लागते. धुऊन निघालेलं पाणी झाडांना घालू नका. जमीन क्षारपड व्हायला ते पुरेसं आहे. अंगणातलं तण मारायला मीठ टाकतात, तेही याच कारणाने टाळा.

सोलापुरी चादर आणि टॉवेलच्या सुताला रंग चढवताना मीठ लागतं, हे गावाबाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. सुती धागा आणि रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग) दोघांवरही पाण्यात ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ हे दूर लोटणं कमी करतं आणि रंग पाण्यातून धाग्याकडे जातो. फिक्या रंगाला लिटरमागे 20 ते 30 ग्रॅम, गडद रंगाला 60 ते 80. त्यानंतर धुण्याचा सोडा घातला की रंग पक्का होतो. घरी कुणी टॉवेल रंगवणार असेल तर इथे जाड मीठ घेऊ नये. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने, आणि वर जड पाणी असेल तर अधिकच, रंग डागाडागांनी बसतो. स्वच्छ बारीक मीठ घ्या.

नवा रंगीत कपडा मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो, हे मात्र मनातून काढा. मिठाच्या पाण्यात असेपर्यंत रंग कमी सुटतो, साध्या पाण्यात गेला की पुन्हा सुटतोच. असे कपडे पहिले तीन-चार वेळा वेगळे धुणं हाच उपाय.

तांब्या-पितळेला जाड मीठ आणि चिंच किंवा लिंबू. काळवंडलेल्या बिडाच्या तव्याला जाड मीठ आणि जुनं फडकं. ॲल्युमिनियमला दोन्ही नको. घासलेलं भांडं लगेच धुऊन पुसा, नाहीतर तांब्यावर हिरवट डाग येतात. उन्हाळ्यात घरी पॉटमध्ये आइस्क्रीम करत असाल तर तीन किलो फोडलेल्या बर्फाला एक किलो सुटं जाड मीठ. बारीक मीठ लगेच विरघळून तळाशी जातं, खडे बर्फाच्या थरांमध्ये टिकून सावकाश काम करतात.

औषधी कामांत निवड उलटी. गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा बारीक मीठ. जुलाब-उलट्यांत घरचं पाणी करताना एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा बारीक मीठ. इथे जाड मीठ नकोच, चमच्यात किती आलं ते कळत नाही आणि लहान मुलाला जास्त मीठ घातक ठरतं.

बाकीचे पुडे

सैंधव उपवासाला, एवढंच. त्यात खनिजं असतात हे खरं, पण दिवसाच्या चार-पाच ग्रॅममध्ये त्यांचं प्रमाण नावापुरतं. पादेलोण ताकाला, कोशिंबिरीला वरून. त्याचा गंधकाचा वास हीच त्याची चव, ती उकळली की उडते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराईड असतं. रक्तदाबासाठी त्याचा उपयोग आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

मग यादीत काय लिहायचं? रोजच्यासाठी बारीक आयोडीनयुक्त. वर्षाला दोन-तीन किलो जाड, तेही आयोडीनयुक्त, लोणचं, खलबत्ता आणि भाजण्यासाठी. पोतं फक्त पाण्याचं यंत्र असेल तर. ‘समुद्री मीठ’ लिहिलेल्या महागड्या बरणीत जाड मिठाहून वेगळं काही नाही, ते पैसे चांगल्या शेंगदाण्यांवर घाला.

आणि बरणी चिनी मातीची किंवा काचेची, झाकण घट्ट, गॅसपासून दूर. जाड मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ते बारकापेक्षा आधी पाझरतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत आठ महिने हे जाणवतही नाही. जूनच्या पहिल्या सरीआधी मात्र जाड मीठ एकदा उन्हात घालून, कोरडं करून बरणीत भरा. आयोडीन लावलेलं असेल तर ऊन नको, कारण ऊन आणि ओल दोन्हींनी ते कमी होतं. त्या मिठाचा लहान पुडाच आणा आणि पावसाळ्याच्या आत संपवा.