गल्लीतल्या गॅरेजची पहिली खरेदी: टापरियाचे पाने आणि एक टॉर्क रेंच

नाशिकला सिडकोत, आमच्या गल्लीच्या टोकाला एक गाळा रिकामा पडून होता. दीड वर्षापूर्वी आम्ही सात जणांनी तो भाड्याने घेतला. भाडं वाटून, हत्यारं सगळ्यांची, आणि ज्याची मोटरसायकल त्यानेच खोलायची. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते रविवारी स्टूल टाकून बसतात आणि सांगतात. पान्याला हात आमचाच. असं काही सुरू करायचं म्हणून विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हत्यारं कुठली घेतली? त्याचं उत्तर इथे एकदा नीट लिहिते.

रिंग (नटाभोवती पूर्ण बसणारा) आणि फिक्स (उघड्या तोंडाचा), दोन्ही पाने टापरियाचे घेतले. कंपनी आमच्याच सातपूरची. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, तिथेही वर्षानुवर्षं हेच पाने हातात असतात, म्हणून दुसरा विचार केला नाही. दीड वर्षात सात जणांच्या हातून, तेलात, पावसात, फरशीवर आपटून हे पाने गेलेत. एकाचंही तोंड फाकलेलं नाही, रिंगच्या आतल्या धारा गोल झालेल्या नाहीत. सामायिक गॅरेजात हत्याराला घरच्यापेक्षा दसपट वापर असतो, त्या हिशेबाने मला हे फार मोलाचं वाटतं.

मात्र पूर्ण सेट घेऊ नका. 8, 10, 12, 14, 17 आणि 19 मिलिमीटर एवढ्यांवर स्प्लेंडर, युनिकॉर्न, आरएक्स 100 यांचं बहुतेक काम होतं. सेटमधले 30-32 वगैरे आमच्याकडे अजून कागदातच आहेत. ते पैसे वाचवून 10 आणि 12 चे दोन-दोन सुटे नग घ्यायला हवे होते, कारण रविवारी तीन गाड्या खोललेल्या असतात आणि तिघांनाही 10 चाच पाना हवा असतो. जुनी बुलेट कोणाची असेल तर मात्र इंची पाने लागतील, ते वेगळे बघा.

नवीन माणसाला काका आधी एकच गोष्ट शिकवतात: "नट सोडताना रिंगच घाल बेटा, फिक्स नंतर. आणि पाना आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही." रिंग नटाचे सहाही कोपरे धरते, फिक्स दोनच बाजू धरतो. आणि ढकलताना पाना सुटला तर बोटं थेट इंजिनच्या बाहेरच्या धातूच्या पात्यांवर (फिन्सवर) जातात.

आता टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा आधी लावता येतो असा पाना. हा आम्ही सुरुवातीला घेतला नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या गाडीने मोजली. स्प्लेंडरचं ऑइल बदलून मी ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायचा खालचा बोल्ट, आवळत होते. 17 ची लांब रिंग, बसल्या बसल्या जोर चांगला लागत होता, वाटलं अजून थोडा आवळावा. एकदम पाना हलका झाला. तो क्षण मी विसरणार नाही. बोल्ट पोलादी, इंजिनचं केसिंग ॲल्युमिनियमचं. आटे बोल्टाला गुंडाळून बाहेर आले, चांदीच्या तारेसारखे चमकत होते. चूक पूर्ण माझी होती. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्यावं लागलं, आठवडाभर मी बसने कामाला गेले.

त्या बोल्टाला साधारण 25 न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजायचं माप) पुरतात. पाना बोल्टापासून 25 सेंटिमीटरवर धरला तर ही जेमतेम 10 किलोची ओढ झाली. आपण नकळत त्याच्या तिप्पट ओढतो. अनुभवी मिस्त्रीच्या मनगटाला हे कळतं, आपल्याला कळायला वर्षं जातात. आणि सामायिक गॅरेजात तर रोज वेगळं मनगट.

घेताना आम्ही आधी चुकलो. दुकानात चटकन मिळाला तो अर्धा इंची (सॉकेट बसतो त्या चौकोनाचं माप), 28 ते 210 न्यूटन-मीटरचा, मोटारींच्या चाकांसाठीचा. म्हणजे त्याची सुरुवातच आमच्या ड्रेन बोल्टाच्या पुढे! तो बदलून तीन-अष्टमांश इंची, 10 ते 60 चा घेतला, साडेतीन हजारांच्या आसपास गेला. मोटरसायकलसाठी हाच घ्या. मागच्या चाकाच्या नटाला मोठा लागतो, तो पुढे बघता येईल. ठरवलेल्या आकड्याला 'टक्क' आवाज येतो, हाताला झटका कळतो, तिथे थांबायचं. पुन्हा एकदा टक्क करायचं नाही.

याने नट सोडायचा नाही, आणि काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. वर्षाने मी तो कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडा बरोबर दाखवतो का ते तपासायला, नेला; फरक 4 टक्क्यांच्या मर्यादेत निघाला. आमच्याकडे तो वेगळ्या डब्यात असतो, आणि कोणी कधी नेला हे वहीत लिहायचं असतं. बाकी कुठल्याही हत्याराला वही नाही.

एक स्वस्तातली वस्तूही सांगते: हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर; ठोकलं की त्याचं टोक दाबून फिरतं. आरएक्स 100 च्या इंजिन कव्हरचे स्क्रू जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात. घरातला स्टार स्क्रूड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खातो. घाई करू नका. जपानी खाचेचं टोक लावा, ड्रायव्हर सरळ धरा, एक ठोसा. वीस-पंचवीस वर्षं न हललेला स्क्रू सुटतो.

पुढची खरेदी गाडी चढवायच्या टेबलाची आहे. पैसे निम्मे जमलेत. तोवर चेनचं काम फरशीवर गोणपाट टाकूनच चाललंय, आणि जळकं ऑइल साठवायला झाकणाचा कॅन मात्र पहिल्या दिवसापासून ठेवलाय. गटारात एक थेंब जाऊ दिलेला नाही.