रबरी बास्केटबॉल, आठ महिने: बॉल बरा, पिन घात करते

जत तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मैदानावर जूनपासून ६ नंबरचे, म्हणजे मुलींच्या मापाचे, पाच रबरी बॉल वापरात आहेत. आतापर्यंत दोन बाद झाले. एकाला टेंगूळ आलं, दुसरा रात्रीत बसतो. टेंगूळवाला सांगलीला परत नेला तर दुकानदार म्हणाला, "हवा जास्त भरलीत." बदलून नाही म्हणजे नाहीच, वर एसटीचं भाडं अंगावर. पण हवेचं तो खोटं सांगत नव्हता. सकाळी २० अंशांना ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला बॉल पत्र्याच्या खोलीत ५० अंशांपर्यंत तापला की १० च्या वर जातो. आतली दोऱ्याची गुंडाळी तुटते आणि तिथंच फुगवटा येतो. आता बॉल माठाशेजारी सावलीत असतात.

खरा वैरी हवा भरायची पिन. वीस रुपयांची वस्तू सहाशेचा बॉल खाते. कोरडी पिन तिरकी घुसवली की व्हॉल्व्हचं रबर आतून खरवडतं आणि हवा हळूहळू जात राहते. ग्लिसरिनचा थेंब लावायचा, पिन सरळ आणि फिरवत घालायची. गळती ओळखायला व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह गेला. नाही आले तर बॉल बादलीत बुडवून सराटा शोधायचा. बाहेरून लावलेला सायकलचा पॅच ड्रिबलिंगमध्ये दोन दिवसांत निघतो, त्या भानगडीत पडू नये.

प्रेशर गेज घेतलेला नाही, गरजही नाही. सरांनी भिंतीवर गेरूने तीन रेघा ओढल्यात: १.२०, १.४० आणि १.८० मीटर. बॉलचा तळ वरच्या रेघेला लावून सोडायचा. उसळल्यावर बॉलचा माथा खालच्या दोन रेघांमध्ये आला की हवा बरोबर.

सरांची एक पद्धत मात्र सुरुवातीला शुद्ध उधळपट्टी वाटली होती: वहीत सही घेऊन आळीपाळीने बॉल आठवडाभर घरी द्यायचा. झीज दुप्पट होणार, हा हिशेब बरोबरच निघाला. पण दिवाळीनंतर इथली घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना कोयत्याबरोबर (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीबरोबर) थोरली पोरगीही मनात धरलेली असते, धाकट्याला सांभाळायला. उचल झाल्यावर बोलून उपयोग नसतो, म्हणून सर गणपतीतच घरोघरी जातात. बॉल आधीपासून घरात असतो, आजीनं पोरीचा खेळ पाहिलेला असतो, मग पोरीला मागं ठेवायची बोलणी सोपी होतात. धाकटं भावंड मैदानावर आणायला परवानगी आहे. सरावाआधी खराट्यानं सराटे झाडायचं काम त्याच फौजेचं. यंदा संघातली एकही मुलगी फडावर गेली नाही. तेव्हा झिजेची तक्रार मागे.

मुलग्यांच्या संघाला नियमाने ७ नंबर लागतो. स्पर्धेआधी पंधरा दिवस तरी त्यांना त्यावर आणा, नाहीतर फ्री थ्रो रिंगच्या अलीकडेच पडतात. सिमेंटच्या कोर्टवर दाणे सहा महिन्यांत गुळगुळीत होतात. त्या किमतीत चालतंय.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण टेंगळाला, एक पिनेला कापला. पुढच्या खेपेला बॉलमागे दोन पिना फुकट मागणार, नाही दिल्या तर मिरजेत विचारणार. वहीत आता पिनेचाही रकाना आहे.