ईसीयूला हात लावावा का? ऑटोक्रॉसचा क्लास ठरवण्याआधी

मागच्या रविवारी रन संपवून मी हेल्मेट काढत होतो, तेवढ्यात एक मराठी मुलगा जवळ आला. पहिलाच सीझन, हाताशी टर्बो सेडान. "दादा, रीमॅप करून घेतला तर चालेल ना? कळतं कुणाला?"

रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटराचं, ईसीयूचं, सॉफ्टवेअर बदलणं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर रूलबुकात सापडतं. दुसऱ्याचं तिथे सापडत नाही, आणि माझ्या मते क्लास (गाडीत किती बदल चालतील त्यावरून ठरणारा गट) निवडताना विचार करायचा तो त्याच दुसऱ्या प्रश्नाचा.

मी लिहितोय ते अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या, म्हणजे एससीसीएच्या ऑटोक्रॉसबद्दल. भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की बहुधा मातीचा ट्रॅक डोळ्यापुढे येतो. इथे मोठा पार्किंग लॉट नाहीतर जुनी धावपट्टी असते, त्यावर नारिंगी कोन मांडतात आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध पळते. रन मिनिटभराचा. कोन पाडला की दोन सेकंद दंड. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. दर सप्टेंबरला नेब्रास्कातल्या लिंकनला राष्ट्रीय स्पर्धा भरते, तिथे हजाराहून जास्त स्पर्धक येतात आणि एखाद्या क्लासमधला पहिला-दुसरा नंबर सेकंदाच्या शंभराव्या भागात ठरतो. एवढ्या बारीक फरकात कुणाच्या ईसीयूत काय आहे हा प्रश्न उगीच निघत नाही.

ईसीयू करतो काय? ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, पायाखालचं पेडल अर्धं दाबलं तर थ्रॉटल किती उघडायचा, आरपीएम कुठे तोडायचा, आणि टर्बो असेल तर हवा किती दाबायची, हे सगळं त्याच्यातल्या तक्त्यांवरून ठरतं. भारतात ज्याला रीमॅप म्हणतात ते म्हणजे हे तक्ते बदलणं. इथे त्याला ट्यून म्हणतात. लॅपटॉप, एक केबल आणि दहा-पंधरा मिनिटं, बस. बॉनेट उघडावं लागत नाही, पाना लागत नाही.

खरी अडचण तिथेच आहे. स्प्रिंग बदलली तर दिसते, हेडर (इंजिनातून निघणारे एक्झॉस्ट पाइप) बदलला तर दिसतो, टायरवर आकडा छापलेला असतो. कुस्तीत पैलवानाला काट्यावर उभं करतात, वजन सगळ्यांसमोर कळतं. ईसीयू ही झाकली मूठ.

स्ट्रीट: हात लावायचा नाही

नवख्यांपैकी बहुतेक जण स्ट्रीट या क्लासमध्येच सुरुवात करतात. शॉक अब्सॉर्बर बदला, पुढचा किंवा मागचा एक अँटीरोल बार बदला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागचा एक्झॉस्ट बदला, ब्रेक पॅड बदला. टायर ट्रेडवेअर (झिजेला किती टिकतो त्याचा आकडा) २०० किंवा वरचे. ईसीयू मात्र कंपनीतून आला तसाच. एससीसीएच्या रूलबुकाचा स्वभाव असा की जे करायला चालेल असं लिहिलंय तेवढंच चालतं. लिहिलेलं नसेल तर चालत नाही. "मनाई कुठे आहे?" असं विचारणाऱ्या नवख्याला कुणीतरी जुना माणूस हे एकदा शांतपणे समजावतो, दुसऱ्यांदा इतकं शांतपणे नाही.

कागदावर हा सगळ्यात स्वच्छ नियम. पण स्वच्छ नियम आणि तपासता येणारा नियम यांत फरक आहे, आणि तो गाडीगणिक बदलतो. टर्बो नसलेल्या माझदा मियाटात चोरून ट्यून घातला तर हाती काय येतं? दोन-चार टक्के ताकद, थोडा हुशार थ्रॉटल. मिनिटभराच्या कोर्सवर तेवढा फरक एका चुकलेल्या ब्रेकिंगमध्ये वाहून जातो. टर्बो गाडीचं तसं नाही. तिथे नुसत्या सॉफ्टवेअरनं पंधरा-वीस टक्के ताकद निघते, आणि ऑटोक्रॉसमध्ये गाडी जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये, वळणातून बाहेर पडत असते. टॉर्क हवा असतो तो नेमका तिथेच.

म्हणून एकाच क्लासमध्ये टर्बो आणि बिगरटर्बो गाड्या शेजारी उभ्या असल्या की बिगरटर्बोवाला नकळत शेजाऱ्याच्या बॉनेटकडे बघतो. बहुतेक वेळा संशय खोटाच असतो. पण तो असतो, आणि क्लास निवडताना तोही सोबत घेऊन जायचा आहे हे धरून चाला.

शिवाय "जसा आला तसा" म्हणजे तरी नेमका कसा? आजचे ईसीयू इंजिनातला ठोका (नॉक) ऐकून ठिणगीची वेळ बदलायला शिकतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या. एक ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चाललेली, दुसरी ९३ वर. ठिणगीची वेळ दोघींची वेगळी असेल आणि दोन्ही गाड्या शंभर टक्के स्टॉक, म्हणजे कंपनीतून आल्या तशा, असतील. सकाळच्या गारव्यात पहिल्या हीटला पळालेली टर्बो गाडी आणि दुपारी तापलेल्या डांबरावर पळालेली तीच गाडी, यांतही ताकदीचा फरक पडतो. समान म्हणजे काय याची रेघ इथे आधीच थोडी पुसट आहे.

स्ट्रीट टूरिंग: ट्यून चालेल, बूस्ट नाही

या क्लासमध्ये स्प्रिंग, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र), हेडर, इनटेक असं बरंच चालतं, आणि ईसीयूचं रीप्रोग्रॅमिंगही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र लागतोच, आणि टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, कंपनीनं ठरवलेलाच राहिला पाहिजे. परवानगी असलेल्या दुसऱ्या बदलामुळे बूस्ट आपसूक वरखाली झाला तर हरकत नाही. मुद्दाम बदलायचा नाही, यंत्रानंही नाही आणि सॉफ्टवेअरनंही नाही.

बिगरटर्बोवाल्यासाठी हा नियम सोन्यासारखा. पहिल्या पिढीच्या सुबारू बीआरझेड आणि टोयोटा जीटी ८६ चंच बघा. साधारण ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये त्या इंजिनाचा टॉर्क खड्ड्यात गेल्यासारखा पडतो, आणि वळणातून निघताना बऱ्याचदा तुम्ही त्याच खड्ड्यात असता. हेडर आणि ट्यून मिळून तो पुष्कळसा भरतो. सगळं उघड, सगळं नियमात, लपवायचं काहीच नाही. तपासणीचा प्रश्नच मिटतो.

टर्बोवाल्यासाठी मात्र हा नियम स्ट्रीटपेक्षाही अवघड आहे. जुन्या गाड्यांत बूस्ट म्हणजे वेस्टगेटची (दाब आवरणाऱ्या झडपेची) स्प्रिंग आणि एक सोलेनॉइड, मोजायला सोपं. आताच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू आधी ठरवतो की टॉर्क किती हवाय, मग त्यावरून किती हवा लागेल हे काढतो, आणि शेवटी वेस्टगेट हलतो. ट्यूनरनं पेडलचा तक्ता बदलला, ठिणगी बदलली, टॉर्कची मर्यादा थोडी सरकवली, की बूस्टच्या तक्त्याला हात न लावताही बूस्ट बदललेला असू शकतो. आपसूक कुठे संपलं आणि मुद्दाम कुठे सुरू झालं? प्रामाणिक माणसालाही इथे घाम फुटतो. मी तरी टर्बो गाडीला स्ट्रीट टूरिंगमध्ये न्यायच्या आधी ट्यूनरकडून स्टॉक आणि नव्या ट्यूनचे बूस्टचे लॉग एकाच तापमानाला, एकाच गिअरमध्ये काढून घेईन आणि ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवीन.

आता हिशोब

नवख्याची सगळ्यात मोठी चूक नियम मोडण्यात नसते, गणितात असते. लोकल स्पर्धेत क्लास लहान असतात, म्हणून सगळ्यांची तुलना पॅक्स इंडेक्सनं होते. तुमची वेळ गुणिले तुमच्या क्लासचा आकडा. जितका जास्त बदल करायला परवानगी, तितका आकडा मोठा. हे आकडे दर वर्षी बदलतात, म्हणून उदाहरणापुरते दोन घेऊ. समजा तुमच्या स्ट्रीट क्लासचा ०.७९० आणि स्ट्रीट टूरिंगचा ०.८१५. स्ट्रीटमध्ये ६० सेकंद म्हणजे ४७.४०. तेवढंच दिसायचं असेल तर स्ट्रीट टूरिंगमध्ये ५८.१६ मारावे लागतील. मिनिटभराच्या कोर्सवर १.८४ सेकंद!

नुसत्या ट्यूननं ते मिळत नाहीत. बिगरटर्बो गाडीत तर दोन-तीन दशांश मिळाले तरी मी पेढे वाटीन. तो मोठा आकडा कॉइलओव्हर, अलाइनमेंट, रुंद रिम, हेडर असं सगळं केलेल्या गाड्या धरून बसवलेला आहे. ट्यूनपुरतं क्लास बदलणं म्हणजे लग्नाला आहेर देऊन जेवण न करता परत येणं. बदलायचाच तर पूर्ण बदला, नाहीतर स्ट्रीटमध्येच राहून ते पैसे टायरवर घाला.

स्ट्रीट मॉडिफाइड आणि पुढचे

मधलं स्ट्रीट प्रिपेअर्ड नवख्याचं काम नाही, ते सोडू. स्ट्रीट मॉडिफाइडमध्ये त्याच कंपनीचं दुसरं इंजिन बसवता येतं, टर्बो बसवता येतो, बूस्ट हवा तेवढा, ईसीयू हवा तो. ईसीयूवरून भांडण उरतच नाही. ते सगळं पाकिटावर येतं. हा न्याय की अन्याय, हे ज्यानं त्यानं आपल्या बँकेच्या स्टेटमेंटकडे बघून ठरवावं. गाडी आधीच ट्यून केलेली, मोठ्या इंटरकूलरची वगैरे मिळाली असेल तर प्रामाणिक जागा हीच. हराल, पण मान वर करून.

दुसरा रस्ता: डायनो

नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, म्हणजे नासा (अवकाशवाली नव्हे), ही १९९१ मध्ये सुरू झालेली संस्था. तिच्या ट्रॅकवरच्या काही वर्गांत उलटा विचार आहे. काय बदललं ते फारसं विचारत नाहीत, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून ताकद मोजतात, वजनाशी भागतात आणि वर्ग ठरवतात. ऐकायला किती सोपं! ट्यून हवा तो करा, आकडा मर्यादेत ठेवा. नुसती कमाल अश्वशक्ती धरली तर लोक ताकदीच्या आलेखाचा शेंडा सपाट करून मधलं पोट फुगवतात, म्हणून तिथे सरासरी अश्वशक्तीचा हिशोब लावतात.

पण ईसीयूत एकापेक्षा जास्त मॅप, म्हणजे तक्त्यांचे संच, राहू शकतात. क्रूझ कंट्रोलच्या बटणानं मॅप बदलणाऱ्या गाड्या मी स्वतः पाहिल्यात. डायनोवर सभ्य मॅप, ट्रॅकवर दुसरा. म्हणून रेस झाल्याबरोबर गाडी डायनोवर नेण्याची तरतूद लागते. पार्किंग लॉटमधल्या ऑटोक्रॉसला हे परवडण्यासारखं नाही, शंभर-दीडशे गाड्या आणि सगळे कार्यकर्ते हौशी. एससीसीएच्या रस्ता-रेसिंगमधल्या स्पेक रेसर फोर्डसारखं इंजिनच सील करणं हा आणखी एक उपाय. तो सगळ्यांची गाडी एकच असेल तरच जमतो.

"कळतं कुणाला?"

तर त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक कारला ओबीडी-२ चा, म्हणजे तपासणीचं यंत्र जोडायचा, सॉकेट आहे. आजच्या गाड्यांत साधा स्कॅनर लावला तरी सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन आयडी आणि त्याचा पडताळणी आकडा, सीव्हीएन, वाचता येतो. स्टॉक गाडीशी तो जुळला नाही तर काहीतरी बदललंय. कॅलिफोर्नियात १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्येच (धुराच्या सरकारी तपासणीत) हे बघतात, आणि मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर सापडलं तर गाडी नापास. फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांत डीलरला बदल दिसला की टीडी१ असा शिक्का नोंदीला लागतो आणि इंजिनची वॉरंटी अडचणीत येते. पण चतुर ट्यूनर जुना आकडाच परत दाखवायची सोय करू शकतो, आणि लोकल स्पर्धेत स्कॅनर घेऊन फिरतं कोण? लेखी प्रोटेस्ट, म्हणजे तक्रार, करायची सोय आहे, पण ज्याच्याबरोबर दुपारी कोन उचलायचे त्याच्यावर प्रोटेस्ट कुणी सहसा करत नाही.

माझ्या एका मित्राचं मात्र वेगळंच झालं. सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घेतली, दोन सीझन स्ट्रीटमध्ये पळवली, ट्रॉफ्या घेतल्या. मग एका सर्व्हिसच्या वेळी मेकॅनिक स्क्रीन दाखवत म्हणाला, हे सॉफ्टवेअर कंपनीचं नाही. आधीच्या मालकानं ट्यून घातलेला आणि विकताना ब्रही काढला नव्हता. मित्रानं क्लबला स्वतः ईमेल लिहिली, ट्रॉफ्या परत केल्या. त्याच्या शेल्फवर त्या जागी आता एक चेपलेला कोन आहे.

म्हणून त्या मुलाला सांगितलं ते असं: तुझी टर्बो गाडी स्टॉक आहे, स्टॉकच ठेव, स्ट्रीटमध्ये पळव, आणि पहिल्याच दिवशी स्कॅनरनं कॅलिब्रेशन आयडी आणि सीव्हीएनचा फोटो काढून फोनमध्ये ठेव. ताकद हवीच असेल तर दोन वर्षांनी पैसे साठवून थेट स्ट्रीट मॉडिफाइडला जा, मधल्या बूस्टच्या कटकटीत पडू नकोस. मियाटा किंवा बीआरझेड असती तर मी उलट सांगितलं असतं, की एक सीझन स्ट्रीट आणि मग सस्पेन्शनसकट स्ट्रीट टूरिंग. त्यानं मान हलवली, आणि विचारलं, "बरं, टायर कुठले घेऊ?"