वर्गासाठी घेतलेला जुना कॅनन १५००डी

फोटोग्राफीच्या वर्गाला मूल घालायचं म्हटलं की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: "टीचर, कितले मेगापिक्सल जाय?" मी फोंड्याकडे हायस्कुलात चित्रकला शिकवते आणि रविवारी नवशिक्यांचा लहानसा फोटोग्राफीचा वर्ग घेते. माझं उत्तरही ठरलेलं. मेगापिक्सल राहू द्या, लेन्सच्या काचेत बुरशी आहे का ते बघा.

वर्गासाठी मी स्वतः जो कॅमेरा घेतला तो कॅनन १५००डी, वापरलेला, सोबत १८-५५ मिमीची झूम लेन्स. पंचवीस हजारांच्या आत सगळं बसवायचं होतं आणि त्यातले थोडे पैसे दुसऱ्या लेन्ससाठी राखायचे होते, म्हणून नव्याचा विचारच केला नाही. २०१८ साली आलेलं हे मॉडेल. २४ मेगापिक्सल, म्हणजे वर्गाला पुरून उरतील इतके. त्याच वर्षी याहून स्वस्त ३०००डी आला होता आणि दुकानदार तो आवर्जून पुढे करतात. मी म्हणेन नको. त्याच्या व्ह्यूफाइंडरला, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीला, नजरेच्या नंबराप्रमाणे जुळवायचं बारकं चाकच नाही, आणि माझ्या वर्गात अर्धी मुलं चष्मेवाली! लेन्स अडकवायची कडीही प्लास्टिकची. रोज दहा हातांतून फिरणाऱ्या कॅमेऱ्याला ती कितपत पुरेल याची मला शंका आहे.

निकॉनचा डी३५०० मात्र मनात बरेच दिवस घोळत होता. हातात धरायला तो जास्त बरा वाटतो, आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे एका चार्जिंगवर १५०० च्या वर फोटो काढतो. कॅनन ५००वर थकतो. शिवाय निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये शटर (फोटो घेताना उघडझाप करणारा पडदा) किती वेळा उडालं त्याची नोंद असते, त्यामुळे जुना घेताना फसगत कमी. कॅननच्या या मॉडेलच्या फाइलमध्ये ती मिळत नाही. पकडीचं रबर, मोडचं चाक आणि लेन्सच्या कडीवरचे ओरखडे बघूनच अंदाज बांधावा लागतो. तरी कॅनन घेतला, तो एका लेन्सपायी. त्यांची ५० मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो) ही लेन्स स्वस्त आहे, हलकी आहे आणि जुन्या बाजारात सहज सापडते.

घेताना लेन्स उजेडात धरून तपासा. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कॅननची लेन्स कॅमेऱ्यातून काढली की तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं राहतं, त्यामुळे आतलं सगळं स्वच्छ दिसतं. निकॉनच्या या वर्गातल्या लेन्सचं ॲपर्चर काढल्यावर मिटतं; मागची छोटी पट्टी बोटाने ढकलून उघडावं लागतं, आणि हे माहीत नसलेला माणूस मिटलेल्या भोकातून बघून "लेन्स चकाचक" म्हणत घरी येतो. धुळीचे दोन-चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी; लेन्स परत करा, कितीही सवलत मिळत असली तरी. गोव्यातून जुनी लेन्स घेत असाल तर हे दोनदा करा. पणजीतल्या एका विक्रेत्याने मला दाखवलेल्या पहिल्या लेन्समध्ये अशी जाळी होती, आणि त्याचं म्हणणं, "फोटोत दिसत नाही, मॅडम." आज दिसत नाही हे खरंच. एक पावसाळा जाऊ दे.

आता वापराबद्दल. कॅमेऱ्याला चाक एकच. एम (मॅन्युअल) मोडवर ते फिरवलं की शटरचा वेग बदलतो. ॲपर्चरसाठी मागचं एव्हीचं बटण दाबून धरायचं आणि तेच चाक फिरवायचं. महागड्या कॅमेऱ्यांना दोन चाकं असतात, त्यामुळे परीक्षणं लिहिणारे याला नावं ठेवतात. मुलंही पहिल्या दिवशी कुरकुरतात. मला मात्र शिकवताना हे बरं वाटतं, कारण काय बदलतोय हे बोटाला वेगळं कळतं. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर आम्ही शटरचा धडा घेतो: सेकंदाच्या १/५०० वर पाण्याचे शिंतोडे जागच्या जागी, १/१५ वर सगळा काठ पुसलेला. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पण १८-५५ने खंड्या टिपायचा नाद सोडा. फोटोत निळा ठिपका येईल.

व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा ९५ टक्केच भाग दिसतो, हे मात्र खटकतं. पणजीच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या मुलं नीट मापून टिपतात आणि फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर उगवतं.

५० मिमीची लेन्स या कॅमेऱ्यावर ८० मिमीसारखी वागते. फोंताइनासच्या गल्लीत समोरच्या पिवळ्या भिंतीला पाठ टेकवली तरी निळं घर चौकटीत मावत नाही. तिथे १८-५५च लावा. पण चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगलेल्या चौकटीखाली, उभं राहून बघा. समईचा उजेड, वर टांगलेली नारळ-सुपारी-कांगलांची गर्दी, आणि फ्लॅश मारला की सगळं सपाट. १८-५५ला एफ ५.६ वर आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० लागतो तिथे ही लेन्स एफ १.८ वर ८०० च्याही खाली काम भागवते. माझ्या मते आधी ही लेन्स, मग बाकी सगळं, ट्रायपॉडसुद्धा नंतर.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, बस. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. जेलचा रंग पालटला की मंद आचेवर परतून परत वापरता येतं. कापडी पिशवीत, त्यातही चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत टिकत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, बॅगेतच बाहेरच्या हवेला रुळू द्या. नाहीतर काचेवर दव धरतं.

फ्लॅशबद्दल एक सांगून ठेवते. या मॉडेलच्या वरच्या हॉटशूला, म्हणजे बाहेरचा फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिनच नाही, म्हणून बाजारातले साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर उडत नाहीत. पुढे स्टुडिओतलं काम शिकायचं असेल त्यांनी एक पायरी वरचा, जुना ७००डी बघावा. आणि ज्यांना रील करायच्या आहेत त्यांनी इकडे फिरकूच नये: स्क्रीन वळत नाही, बाहेरचा माइक लावायला जागा नाही, पडद्यावर बघत फोकस करताना कॅमेरा विचार करत बसतो. माझ्या वर्गातला एक मुलगा शिगम्याच्या मिरवणुकीचा व्हिडिओ याच्यावर काढायला गेला होता. शेवटी खिशातून मोबाइल काढला त्याने.