पीस कोअर : साठीनंतरची परदेशी सेवा
अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या माझ्यासारख्या निवृत्त अभियंत्याला १९६१ पासून चालत आलेली, स्वयंसेवकांना परदेशात मदतकार्यासाठी पाठवणारी अमेरिकी सरकारची ही सेवा मनापासून भावली, कारण तिच्यात वयाची कमाल मर्यादाच नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, याच योजनेतून परिचारिका म्हणून आपल्या विक्रोळीत आल्या होत्या. सुरुवातीचे सुमारे तीन महिने स्थानिक कुटुंबात राहून भाषा शिकावी लागते. या वयात शब्द लवकर तोंडात बसत नाहीत, परंतु चुलीपाशी भाजी निवडता निवडता घरच्या आजींनी शिकवलेले शब्द मी आजही विसरलेलो नाही. मानधन स्थानिक राहणीपुरतेच मिळते आणि ते योग्यच आहे. वैद्यकीय तपासणी काटेकोर असल्याने मधुमेहींनी कागदपत्रे आधीच जमवावीत. नेहमीच्या नेमणुकीसाठी लागणारे २७ महिने घर सोडणे अशक्य असल्यास अनुभवी व्यावसायिकांसाठी काही महिन्यांच्या नेमणुकाही असतात.