एबेरॉन: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, एकेका कॅरेक्टरची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचे लांब पल्ल्याचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी कथा, सुरू करताना नियमांपेक्षा सेटिंगची, म्हणजे ती कथा ज्या कल्पित जगात घडते त्याची, निवड जास्त महत्त्वाची असते, हे माझे मत गेल्या काही महिन्यांत पक्के झाले आहे. नियम थोड्याच सेशनमध्ये (बैठकांत) अंगवळणी पडतात. पण ज्या जगात सगळ्यांनी मिळून दीर्घकाळ वावरायचे आहे, त्याविषयी ‘माझ्या कॅरेक्टरला हे ठाऊक असेल का?’ या प्रश्नाचे उत्तर खेळाडूला स्वतःहून देता आले नाही, तर खेळ पुन्हापुन्हा अडतो आणि सगळ्यांच्या नजरा डीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरकडे, वळतात. कोथरूडमध्ये रविवारी दुपारी जमणाऱ्या आमच्या गटाने पावसाळ्याच्या तोंडावर एबेरॉन हे सेटिंग निवडले. आता थंडी पडू लागली आहे आणि कॅम्पेन रंगात आले आहे. डीएमच्या बाजूने आलेला अनुभव, नव्याने निवड करणाऱ्या गटांना उपयोगी पडावा म्हणून, येथे सविस्तर लिहीत आहे.

निवडीच्या वेळी आमच्यासमोर आणखी तीन नावे होती. फरगॉटन रिल्म्स हे १९८७ पासून प्रकाशित होत असलेले सेटिंग सर्वांत परिचित असले, तरी त्याचा इतिहास खेळाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर पुढे सरकत गेला आहे आणि त्यावर कादंबऱ्यांचा मोठा ढीग आहे. आमच्यातल्या एकाने त्यातल्या बऱ्याच वाचल्या होत्या, बाकीच्यांनी एकही नाही, आणि एवढी तफावत असलेल्या गटात एकाचेच बोलणे प्रमाण मानले जाते. ग्रेहॉक २०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुना सेटिंग म्हणून थोडक्यात दिले आहे आणि सुटसुटीत आहे, पण त्याने आमच्यापैकी कोणाला ओढ लावली नाही. डार्क सनचे होरपळलेले, देव नसलेले जग मला स्वतःला अतिशय आवडते. मात्र पहिल्यांदाच फासे हातात घेणाऱ्या खेळाडूंसाठी ते फार कठोर आहे.

एबेरॉनचा जन्मच वेगळ्या रीतीने झाला. नव्या सेटिंगसाठी २००२ मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली, तिच्यात अकरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि कीथ बेकर यांची कल्पना निवडली गेली. मूळ पुस्तक २००४ मध्ये आले. खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठीचे, आम्ही वापरत असलेले ‘एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’ हे ३२० पानांचे पुस्तक २०१९ चे आहे. या सर्व काळात एबेरॉनचे वर्तमान तिथल्या कालगणनेतील ९९८ या सालावरच ठेवलेले आहे, आणि हा निर्णय मला या सेटिंगचा सर्वांत मोठा गुण वाटतो. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील शहराचे वर्णन आजही जसेच्या तसे वापरता येते, आणि पुढे काय होणार हे कोणत्याही खेळाडूला आधी वाचून ठेवता येत नाही, कारण ते कोठे लिहिलेलेच नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी: गॅलिफार या अखंड राज्याचा राजा जॅरॉट ८९४ साली वारला, थोरली मुलगी मिशान हिचा वारसाहक्क तिच्या तीन भावंडांनी नाकारला आणि पाच प्रांतांत सुरू झालेले युद्ध शंभरहून अधिक वर्षे चालले. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्यांचा इतिहास शाळेत शिकलेल्यांना यात समजावून सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. ९९४ मध्ये त्या पाचांपैकी सायर हे राष्ट्र एका दिवसात उद्ध्वस्त झाले, त्या धसक्याने इतर राष्ट्रे ९९६ मध्ये तहाला तयार झाली आणि कॅम्पेन सुरू होते तेव्हा शांतता अवघ्या दोन वर्षांची असते. सायर का नष्ट झाले, याचे उत्तर प्रकाशित साहित्यात जाणीवपूर्वक दिलेले नाही. ते प्रत्येक डीएमने आपल्या टेबलापुरते ठरवायचे किंवा शेवटपर्यंत न ठरवताच ठेवायचे.

ही पार्श्वभूमी प्रत्यक्ष खेळात किती काम करते, हे पहिल्याच मोठ्या प्रसंगात दिसले. गट विजेवर धावणाऱ्या आगगाडीने शार्न या मनोऱ्यांच्या शहरात उतरला आणि टॅव्हिक्स लँडिंगच्या स्थानकात पहारेकऱ्यांनी ओळखपत्रे मागितली. एका खेळाडूचे कॅरेक्टर सायरमधून आलेले निर्वासित होते. तिने पत्र पुढे केले आणि पहारेकऱ्यालाच विचारले, “ज्या देशाचा शिक्का आहे तो देशच उरला नाही, तर हा कागद खरा की खोटा?” दुसऱ्याचे कॅरेक्टर वॉरफोर्ज्ड, म्हणजे हाउस कॅनिथने युद्धासाठी घडवलेला सजीव सैनिक होते. तहाने वॉरफोर्ज्डना स्वातंत्र्य दिले असले, तरी त्याच्याजवळ नावाऐवजी पलटणीतला क्रमांकच होता. तलवार न उपसता ते सबंध सेशन त्या फाटकाशी गेले आणि सायरचे निर्वासित जेथे कोंबलेले आहेत त्या हाय वॉल्स वस्तीत जाऊन संपले. पिंपरी कॅम्पात वाढलेल्या आमच्या एका मित्राने, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांबद्दल घरात ऐकलेल्या गोष्टींच्या बळावर, त्या वस्तीतले दुकानदार, त्यांची उधारी आणि गावाकडच्या किल्ल्या जपून ठेवणारी म्हातारी माणसे अशी उभी केली की पुढचे कित्येक रविवार आम्ही तेथून हललो नाही.

जादूच्या बाबतीतही हे जग विचारपूर्वक रचलेले आहे. येथे छोटी जादू सर्वत्र आहे, मोठी जादू दुर्मीळ आहे, आणि छोट्या जादूचा धंदा झालेला आहे. अंगावर ड्रॅगनमार्क, म्हणजे जादूची शक्ती देणारी वंशपरंपरागत खूण, उमटलेल्या घराण्यांकडे एकेका व्यवसायाची मक्तेदारी असते: ओरिएनकडे वाहतूक, सिव्हिसकडे संदेशवहन आणि दस्तऐवज, जोरास्कोकडे उपचार, कुंडारककडे पेढ्या आणि तिजोऱ्या. आमचे बहुतेक खेळाडू हिंजवडीच्या कंपन्यांत काम करतात. कंत्राट, परवाना आणि मक्तेदारी यांवर चालणारे जग त्यांना चटकन समजले. शार्नचे मैलभर उंच मनोरे आणि त्यांच्यामधून उडणाऱ्या गाड्या सिरानिया नावाच्या दुसऱ्या मितीतील जगाच्या प्रभावामुळे टिकून आहेत, आणि तीच उडती गाडी शहराबाहेर नेली तर निकामी ठरते, हे कळल्यावर एका खेळाडूने पाठलागाची आखणीच त्यावर केली. कारण आणि परिणाम असे जोडलेले असले की खेळाडू जगाचा वापर करू लागतात. नुसती नावे पाठ करून ते होत नाही.

शिकण्याच्या पद्धतीविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. संपूर्ण पुस्तक सगळ्यांनी वाचावे अशी अपेक्षा ठेवू नये. आम्ही आरंभी ‘शार्नमधल्या कोणालाही ठाऊक असलेल्या गोष्टी’ असे एकच पान मराठीत तयार केले आणि प्रत्येक खेळाडूला एक राष्ट्र किंवा एक घराणे नेमून दिले. त्या विषयात त्याचा शब्द अखेरचा, पुस्तकात नसलेले तपशील त्याने रचायचे आणि मी ते पाळायचे. त्यामुळे सिव्हिसच्या संदेश कचेरीत रांग कशी लागते, हे सांगणारी व्यक्ती आमच्याकडे डीएम नसते, आणि प्रश्न टेबलाभोवती फिरत राहतात. दिनदर्शिकाही सोयीची आहे: बारा महिने, प्रत्येकी २८ दिवस, सात दिवसांचा आठवडा. तारीख आणि वार यांची जोडी कधीच बदलत नाही, म्हणून एका महिन्याचे छापलेले पान सर्व महिन्यांना आणि सर्व वर्षांना पुरते.

पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातील आश्रयदात्यांची कल्पनाही फार उपयोगी पडली. गटाला सुरुवातीपासून एखादे वृत्तपत्र, विद्यापीठ किंवा गुप्तहेर खाते यांच्याशी बांधून घेता येते. आम्ही वृत्तपत्र घेतले. त्यामुळे अनोळखी माणसे एकत्र का आली, याची ओढूनताणून कारणे शोधावी लागली नाहीत आणि प्रत्येक साहसानंतर कोणीतरी दोन परिच्छेदांची बातमी लिहून आणू लागले. मागच्या सेशनची उजळणी तिच्यातूनच होते.

उणिवाही आहेत. खेळाडूंसाठीची आणि डीएमसाठीची माहिती एकाच पुस्तकात असल्यामुळे ते निर्धास्तपणे कोणाच्या हाती देता येत नाही. पडद्याआडच्या शत्रूंची तर रेलचेल आहे: लॉर्ड्स ऑफ डस्ट, ड्रीमिंग डार्क, ऑरम, एमराल्ड क्लॉ आणि आणखी कितीतरी. सगळ्यांना एकाच कॅम्पेनमध्ये आणले तर कोणाचीच भीती वाटेनाशी होते, म्हणून दोन निवडून बाकीचे बाजूला ठेवावेत. ही सारी राष्ट्रे ज्या खंडावर आहेत त्या खोर्व्हेअरबाहेरच्या खंडांना पुस्तकात फार थोडी जागा मिळाली आहे. शिवाय देव प्रत्यक्ष येऊन बोलत नाहीत, भ्रष्ट पुरोहितालाही मंत्रशक्ती मिळते आणि अमुक वंश दुष्टच असा शिक्का कोणावर नसतो. मला हे मोलाचे वाटते, पण भले-बुरे स्पष्ट असलेली सरळ लढाई हवी असलेल्या गटाने दुसरे सेटिंग घ्यावे.

ज्यांना शार्नमध्येच रमायचे आहे त्यांनी २००४ चे ‘शार्न: सिटी ऑफ टॉवर्स’ जरूर मिळवावे. त्यातील आकडेवारी जुन्या नियमांची आहे, ती सोडून द्यावी. वस्त्यांची, खानावळींची आणि तेथील माणसांची वर्णने मात्र आम्ही दर आठवड्याला उघडतो. सध्या आमचा गट ९१८ साली कोसळलेल्या काचेच्या मनोऱ्याच्या बातमीमागे लागला आहे आणि त्या ढिगाऱ्याखालच्या वस्तीचा नकाशा करण्याचे काम पुढच्या रविवारपर्यंत पिंपरीच्या मित्राकडे आहे.