साबणासाठी आणलेलं 'घाण्याचं' खोबरेल : मी कुठे फसले

घरी साबण करणाऱ्या, विशेषतः दिवाळीसाठी पहिल्यांदाच करायला घेणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहिते आहे. माझे पैसे फार गेले नाहीत. पण माझ्या सासूबाईंच्या हातांची सालं निघाली आणि 84 वड्या फेकाव्या लागल्या, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी मुलुंडला राहते. गेली काही वर्षं घरच्यापुरता साबण करते, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, कातडी जाळणारा क्षार) आणि तेलाचा, न शिजवता, चार ते सहा आठवडे मुरवून वापरायचा. 2023 च्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या बायकांनी ठरवलं की या दिवाळीत अभ्यंगस्नानाला घरचाच साबण हवा. घरटी दोन वड्या, 42 घरं, सामानापुरती वर्गणी. विकण्याचा प्रश्नच नव्हता.

नरक चतुर्दशी 12 नोव्हेंबरला होती. साबण मुरायला किमान महिना लागतो, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओतणं भाग होतं. ज्या घाण्यावरून मी नेहमी खोबरेल आणते त्यांच्याकडे गणपतीनंतर माल शिल्लक नव्हता. म्हणून अनंत चतुर्दशी झाल्यावर शनिवारी मशीद बंदरला गेले. बाकीचं सामानही तिकडेच मिळतं, कॉस्टिक प्रिन्सेस स्ट्रीटवरून, सुगंध नि साचे मशीद बंदरच्या गल्ल्यांतून. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारी दुकानं आहेत आणि मी आजही तिथेच जाते. दोष बाजाराचा नाही, एका माणसाचा आहे.

त्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, गाव कुठलं?" मी मालवण म्हटलं. "मग आपलेच की! तुम्हांला बाहेरचं तेल नाही देणार." आतून पाच लिटरचा पांढरा कॅन आला. झाकण उघडलं तर खोबऱ्याचा असा घमघमाट की मी दुसरं काही बघितलंच नाही. लाकडी घाण्याचं, लिटरला 380 रुपये. नेहमी साडेचारशेच्या आसपास मोजत होते, म्हणजे खूप स्वस्त नाही, पटेल इतकंच स्वस्त. कॅनवर लेबल नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "खायचं नाही ना, लावायचंय, मग लेबल कशाला?" तपासणीच्या अहवालाची झेरॉक्सही दिली. आकडे उत्तम होते. त्यावरची तारीख जुनी होती आणि माल कुणाचा ती जागा काळपट झाली होती, हे मी घरी येऊन महिन्याने पाहिलं. पैसे रोख दिले, हातात आली ती कच्ची पावती, नुसता आकडा आणि सही. त्याच्याकडूनच 100 मिली लॅव्हेंडरचं तेलही घेतलं, 900 रुपयांना.

एका घाण्याचं, म्हणजे एका खेपेच्या साबणाचं, माझं माप असं : खोबरेल 600 ग्रॅम, ऑलिव्ह 300, एरंडेल 100. कॉस्टिक प्रत्येक तेलाला वेगळं लागतं. खोबरेलाच्या एका ग्रॅमला 0.183, ऑलिव्हला 0.134, एरंडेलाला 0.128. सगळं मिळून 162.8 ग्रॅम. त्यात पाच टक्के कमी धरायचं, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडीला जपतं. मी 155 घालते. एका घाण्यातून 14 वड्या, म्हणजे सहा घाणे.

1 ऑक्टोबरला, रविवारी, तीन घाणे ओतले. एरवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वडी साच्यातून टण्णकन सुटते. खोबरेल जास्त असलेला साबण तर लवकरच कडक होतो. बुधवार आला तरी या वड्या लोण्यासारख्या. बोट लावलं की ठसा, आणि वर तेलाचे बारीक थेंब.

माझं पहिलं मत काय झालं, की चुकलं माझंच. वजनकाटा बिघडला असेल. पावसाळाभर घरात पडलेल्या कॉस्टिकने ओल धरली असेल. ऑक्टोबरची घामट हवा असेल. ही सगळी कारणं खरी असतात, प्रत्येक साबण करणारीला माहीत असतात, आणि म्हणूनच तेलावर संशय जायला उशीर होतो. भेसळ करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. मी काटा तपासला, नवीन कॉस्टिक आणलं आणि दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आपलं तेल प्युअर आहे, त्याला कॉस्टिक जास्त लागतं. पुढच्या वेळी दहा ग्रॅम वाढवा."

मी वाढवले. 8 तारखेचे तीन घाणे 165 ग्रॅम घालून केले.

त्या वड्या आणखी विचित्र निघाल्या. कडेला पांढरा भुगा पडत होता आणि मधे कापलं तर सुरी तेलकट. वड्यांच्या कडा तासायला सासूबाई बसल्या, हौसेने, हातमोजे न घालता. मुरत आलेला साबण हाताळायला मोजे लागत नाहीत, मीच त्यांना तसं सांगितलं होतं. काम झाल्यावर त्याच चुऱ्याने त्यांनी हात धुतले. अर्ध्या तासात म्हणाल्या, "अगं, बोटांच्या बेचक्यात आग होतेय." बघते तर लालबुंद, आणि दुसऱ्या दिवशी कातडी सोललेली. वीस मिनिटं नळाखाली हात धरायला लावले आणि डॉक्टरांकडे नेलं. (कॉस्टिक कातडीला लागलं तर व्हिनेगर, लिंबू काही चोळू नका, फक्त भरपूर वाहतं पाणी.) त्या एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

तेलकटही आणि दाहकही, दोन्ही एकदम कसं? मोकळं तेल आहे तर कॉस्टिक संपलेलं हवं, कॉस्टिक मोकळं आहे तर तेल संपलेलं हवं. रात्रभर याच कोड्यात होते. उत्तर एकच निघत होतं : त्या तेलात असं काहीतरी आहे ज्याचा साबण होतच नाही.

फडताळात मालवणहून आलेली खोबरेलाची बाटली होती. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या, एकीत गावचं तेल, दुसरीत कॅनमधलं, दोन-दोन चमचे, आणि फ्रिजमध्ये ठेवल्या. शुद्ध खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. दोन तासांनी काढल्या. गावचं तेल पांढरंशुभ्र, टणक, चमचा रुतेना. कॅनमधलं ओल्या भाताच्या पेजेसारखं, आणि चमच्याने दाबलं तर कडेला काचेसारखं स्वच्छ तेल सुटून वाटीत फिरू लागलं. मग साबणाचा कीस उकळत्या पाण्यात टाकला. चांगला साबण विरघळून पाणी फार तर गढूळ होतं. इथे पाण्यावर स्वच्छ तेलाचा तवंग तरंगत राहिला. प्रिन्सेस स्ट्रीटवरून फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण (मोकळं कॉस्टिक असलं की ते गुलाबी होतं) आणून थेंब टाकला तर वडी जांभळ्याच्या जवळ जाणारी गडद गुलाबी.

तरी खात्री हवी होती. नवी मुंबईतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत नमुना दिला. अहवालात सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू आली 195. खोबरेलाची ही संख्या आपल्या खाद्य मानकांप्रमाणे 250 च्या खाली जाता कामा नये. एक ग्रॅम तेलाचा साबण करायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं त्याचं हे माप आहे. आणि साबण न होणारा भाग, जो एक टक्क्याच्या वर असू नये, तो निघाला 24 टक्के. लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल. रंग नाही, वास नाही, खोबरेलात बेमालूम मिसळतं. घमघमाट वरून घातलेल्या सुगंधाचा होता. बाजारातल्या कित्येक केसांच्या तेलांत पॅराफिन असतं आणि लेबलवर तसं लिहिलेलंही असतं, त्यात बेकायदा काही नाही. पण ते घाण्याचं खोबरेल म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

हिशेब करून पाहा म्हणजे धोका कळेल. 600 ग्रॅम खोबरेलात 144 ग्रॅम पॅराफिन. त्यासाठी मी घातलेल्या कॉस्टिकला धरायला काहीच नव्हतं. खऱ्या तेलाला लागत होतं साधारण 136 ग्रॅम, मी घातलं 155. साडेअठरा ग्रॅम कॉस्टिक साबणात मोकळं. आणि दुकानदाराचं ऐकून 165 घातलं त्या घाण्यांत साडेअठ्ठावीस. सासूबाईंनी हात धुतले ते या दुसऱ्या घाण्यांच्या चुऱ्याने.

मग लॅव्हेंडरवरही विश्वास उरला नाही. मेडिकलमधून सिरिंज आणली आणि त्या तेलाचे 10 मिली मोजून काट्यावर ठेवले. खरं लॅव्हेंडर पाण्यापेक्षा हलकं, 10 मिली भरतं 8.8 ग्रॅमच्या जवळपास. माझं भरलं 10.7. पाण्यात थेंब टाकला तर तळाला गेला. सुगंधाच्या धंद्यात पातळ करायला डीईपी सर्रास वापरतात, डायइथाइल थॅलेट, ते पाण्यापेक्षा जड असतं. माझ्या बाटलीत तेच असणार असं मला वाटतं, प्रयोगशाळेत ते तपासलं नाही. टिपकागदावर टाकलेल्या थेंबाचा डागही दोन दिवस उडून गेला नाही. लवंगेचं किंवा दालचिनीचं तेल मुळातच पाण्यात बुडतं, त्यांना ही परीक्षा लावू नका. आणि एखाद्याने हलकं द्रावण मिसळलं असेल तर वजनात सापडणारही नाही.

अहवाल घेऊन दुकानात गेले. "आपलेच की" म्हणणारा माणूस आता म्हणाला, "हे तेल आमच्याकडचंच कशावरून?" पावतीवर दुकानाचं नाव नव्हतं, मालाचं नाव नव्हतं. मी ग्राहक हेल्पलाइनचं, 1915 चं नाव काढलं तेव्हा आवाज चढवून विचारलं, "तुमच्याकडे साबणाचं लायसन्स आहे का?" विक्रीसाठी साबण करायला परवाना लागतो हे खरं आहे, 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत तसं आहे. पण आम्ही विकत नव्हतो. तरी त्या क्षणी मी गडबडले, कारण दुकानात चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. घरोघरी छोटा व्यवसाय करणाऱ्या कित्येक जणी या एका प्रश्नाने गप्प बसत असतील. मी बसले नाही, तिथेच उभी राहिले. शेवटी त्याने 1900 रुपये काउंटरवर ठेवले, लॅव्हेंडरचे दिले नाहीत. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पक्कं बिल नसल्यामुळे ती पुढे सरकली नाही.

आता नवीन माल आला की आधी फ्रिजची वाटी. ती पार पडली की 100 ग्रॅम तेलाची एकच वडी करते, 17.4 ग्रॅम कॉस्टिक, 38 ग्रॅम पाणी. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही, आणि भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं मुळीच नको. दोन दिवसांत ती वडी खडूसारखी टणक झाली तरच कॅन वापरायला काढते. पाम तेलाची भेसळ असेल तर तीही वडी थोडी मऊ राहते, आणि पाम तेलाला खोबरेलापेक्षा कॉस्टिक कमी लागतं, म्हणून भेसळ जास्त असेल तर तिथेही कॉस्टिक मोकळं राहून हात भाजू शकतात. पक्कं बिल मागते, त्यावर 'खोबरेल तेल' आणि बॅच नंबर लिहून घेते. "जीएसटी लागेल" म्हणून बिल टाळणाऱ्याकडून घेत नाही. अहवाल दाखवला तर त्यावरचा बॅच नंबर आणि कॅनवरचा नंबर जुळतो का ते दुकानातच बघते.

त्या दिवाळीत सोसायटीला वर्गणी परत केली आणि घरटी उटण्याची पुडी दिली. सासूबाईंचे हात बरे व्हायला तीन आठवडे लागले.

त्या कॅनमधलं अर्धा लिटर तेल मी काचेच्या बाटलीत भरून ठेवलं आहे, अहवाल त्याच बाटलीला चिकटवून. सोसायटीत कुणी साबण शिकायला आलं की पहिल्या दिवशी ते आणि मालवणचं तेल दोन वाट्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवते, आणि ते थिजेपर्यंत कॉस्टिकच्या डब्याला कुणाला हात लावू देत नाही.